वाकलेला पुठ्ठा

गुरुजी,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आखातातल्या फुजैराच्या बंदरावर, टर्मिनलच्या ऑफिसात, डबा उघडून बसलो होतो. "गुरुजी गेले," एवढंच पलीकडून ऐकू आलं आणि रेंज गेली. मी फोन खाली ठेवला आणि जेवलो. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा दोन घास जास्तच जेवलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ही श्रद्धांजली आहे असा तुमचा समज व्हायला नको. मी रोज सकाळी दिवा लावतो. पहिला नमस्कार देवाला, दुसरा आईवडिलांना, तिसरा ज्यांनी ज्यांनी काही शिकवलं त्यांना. एकेकाचा चेहरा आठवून हात जोडतो: पहिलीच्या बाई, गणिताचे सर, बंदरावर मला कॉम्प्युटर शिकवणारा केरळी म्हातारा. तुमची पाळी आली की एक श्वास रिकामा सोडतो आणि पुढे जातो. चौतीस वर्षं हा नियम मोडलेला नाही. देवाला हे माहीत आहे. त्याने अजून काही म्हटलेलं नाही.

आता शाळेच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव देणार आहेत आणि त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे. माझ्या वर्गातला, शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसणारा, आज तिथे मुख्याध्यापक आहे. त्याचा फोन आला. "आरं, तुझा लेख तेवढा राहिलाय. सगळ्यांचं आलं. दुबईवाल्याचा लेख पहिला टाकतो, धाड लवकर." मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत देतो. तो हसला. "इन्शाल्ला म्हण. तिकडं तसंच म्हणत्यात न्हवं?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." लेख तर केव्हाच तयार होता. चौतीस वर्षं तो माझ्या डोक्यात तयार होता, फक्त छापणारा कुणी मिळत नव्हता. त्यात तुमचे संस्कार नाहीत, तुमचा पांढराशुभ्र सदरा नाही, जिल्ह्याच्या पेपरात रविवारी येणारी आणि लेखकांना घाम फोडणारी तुमची पुस्तक-परीक्षणं नाहीत. त्यात फक्त एक सोमवार आहे.

प्रार्थना संपली आहे. मुलं मांडी घालून बसणार, तेवढ्यात तुम्ही हात वर करून त्यांना उभंच ठेवता आणि खिशातून माझी आठ पानं काढता. ती मी तुम्हाला शुक्रवारी दिली होती, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात. चुलीवर काकूंनी पुस्तकं चिकटवायची खळ शिजत ठेवली होती, तुम्ही तीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकत होतात, आणि हातातला पळा न सोडता तुम्ही म्हणाला होतात, "ठेव तिथे." मी नववीत होतो. माझ्या गोष्टीत एक माणूस बोटीवर कामाला जातो आणि त्याची बायको किनाऱ्यावर वाट बघते. समुद्र मी पाहिलेला नव्हता. बोट म्हटलं की मला रेशनच्या दुकानातली रॉकेलची टाकी दिसायची, तशीच गोल, तशीच गंजलेली. म्हणून मी लिहिलं होतं की संध्याकाळी वारा फिरला की समुद्राला रॉकेलचा वास यायचा आणि त्या बाईला वाटायचं, तो आला. तुम्ही ते वाक्य दोनदा वाचता. "मुलांनो, समुद्राला रॉकेलचा वास येतो. हा शोध जगात प्रथम आपल्या शाळेत लागलेला आहे." मुलं हसतात. "तू समुद्र पाहिला आहेस का रे?" "नाही, गुरुजी." "मग हे काय रेशनच्या रांगेत उभं राहून लिहिलंस?" आता शिक्षकही हसतात. दहावी संपेपर्यंत माझं नाव रॉकेल होतं. माझ्या बहिणीला लोक रॉकेलची बहीण म्हणायचे.

तेवढ्यावर थांबला असतात तर कदाचित मी विसरलो असतो. पण त्याच दुपारी वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला तुम्ही मला नेहमीसारखं बोलावलंत. विकतचा पुठ्ठा शाळेला परवडायचा नाही, म्हणून आपण रद्दीचे कागद एकावर एक चिकटवून, दगडाखाली दाबून पुठ्ठा करायचो. तुम्ही रद्दीच्या गठ्ठ्यावर माझी आठ पानं ठेवलीत. "कागद वाया जाऊ नये. लाव." मी ब्रश घेतला. स्वतःच्या अक्षरावर स्वतःच्या हाताने खळ फासली. तेव्हा मी रडलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी दुसरंच काही करत होतो. तुम्हीच शिकवलं होतं की कागदाला लाकडासारखा रोख असतो, एका बाजूने तो सहज वळतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो, आणि पुठ्ठ्याचे सगळे थर एकाच रोखाने लावायचे असतात. मी माझी आठही पानं आडवी लावली. मला माहीत होतं, वाळल्यावर हा पुठ्ठा वाकणार, हे पुस्तक जन्मात नीट मिटणार नाही, आणि तुमच्या कपाटात ते कायम दात विचकून बसेल. माझ्याकडून तेवढाच सूड शक्य होता. तुम्ही थोडा वेळ बघत राहिलात, मग माझ्या हातातून ब्रश काढून घेतलात. "सरक. तुझ्या हाताला आज वळण नाही." वरचे थर तुम्ही स्वतः चढवलेत, माझ्याकडे पाठ करून. पुस्तक शेळीपालनाचं होतं.

दहावीनंतर मी निघालो तेव्हा तुम्ही मला तुमचा दाभण दिलात, लाकडी मुठीचा. "हे घे. पोट भरेल." लिहिण्याचं नाव काढलं नाहीत. आणि पोट भरलं, गुरुजी. तुम्हाला सगळ्यात कमी माफी याच गोष्टीसाठी आहे. आधी काही वर्षं मिळेल ते काम केलं, मग अकरा वर्षं फुजैराला, तेलाच्या टर्मिनलवर कागदपत्रं सांभाळली. पहिल्याच संध्याकाळी वारा फिरला आणि मी किनाऱ्यावर जागच्या जागी थांबलो. समोर जहाजं तेल भरून घेत उभी होती आणि समुद्राला, अगदी स्वच्छ, रेशनच्या दुकानासारखा वास येत होता. तुम्हाला पत्र लिहावं असं तेव्हाही वाटलं होतं, एका ओळीचं. तेव्हा तुम्ही होतात. नाही लिहिलं. मग बंदरावरची नोकरी सुटली आणि दुबईत एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पुस्तकं दुरुस्त करायचं काम मिळालं, सिलिकॉन ओएसिसच्या बाजूला. अल मनखूलच्या घरून रोज तिकडे जातो. तळमजल्यावर माझी खोली आहे, माझा प्रेस आहे, आणि टेबलावर तुमचा दाभण आहे.

त्या खोलीत मागच्या वर्षी एक बाई आल्या. त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायचंच आहे, कारण त्या जे आहेत ते व्हायची तुमची इच्छा होती असं आता मला वाटतं. अमेरिकेतल्या कादंबरीकार. सहा कादंबऱ्या, आणि त्याशिवाय पस्तीस-एक वर्षं तिकडच्या पेपरांतून पुस्तकांची परीक्षणं, अशी धारदार की लेखक म्हणे ते पान उघडायच्या आधी खुर्चीत बसून घेतात. दोन वर्षांसाठी शिकवायला आल्या होत्या. वय पासष्टच्या पुढे, बूट पुरुषी, आवाज घोगरा. परीक्षणासाठी वाचलेल्या पुस्तकांचे दोन खोके त्या बरोबर घेऊन हिंडायच्या आणि त्यातली निम्मी खिळखिळी झाली होती. "ही वाचव," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सगळी नको. जी चांगली आहेत ती." मी विचारलं, मला कशी कळणार? "ज्याच्या समासात मी जास्त शिव्या लिहिल्यात ते चांगलं. वाईट पुस्तकावर माझी पेन्सिल झिजत नाही."

पुस्तकं शिवता शिवता मी ते समास वाचले आणि घरी त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्यांचा जन्म सपाट, थंड मुलखातला; वडील धान्याच्या कोठारात हमाल. गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत कुणीतरी गाव सोडतं आणि कुणीतरी त्याबद्दल त्याला माफ करत नाही. कामाची रीत अशी: पुस्तक दोनदा वाचायचं, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य एका कार्डावर उतरवून काढेपर्यंत त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही. कार्ड कोरं राहिलं तर परीक्षणाचं काम परत करायचं. "चांगलं वाक्य सापडलं नाही, तर दोष पुस्तकाचा की माझा, हे मला कसं कळणार?" त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी दाभण खाली ठेवला आणि त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी मान हलवली, मग आपली गोष्ट सांगितली. सतराव्या वर्षी त्यांच्याही एका मास्तरांनी त्यांचं लिखाण वर्गात वाचून त्यांना रडवलं होतं. चौथ्या कादंबरीत त्यांनी त्या मास्तरांना तळ्यात बुडवलं, अर्ध्या पानात, नाव तेवढं बदलून. पुस्तक गाजलं. एका गावात सह्या देत बसल्या असताना रांगेतून एक म्हातारा पुढे आला, पुस्तक उघडून धरलं आणि म्हणाला, "मला पोहता येतं बरं का." सही घेतली, आभार मानले, गेला. "झालं," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर मला कुणालाही बुडवता आलेलं नाही. माझ्या कादंबऱ्यांतली माणसं आता म्हातारपणाने मरतात. कंटाळवाणं काम." त्या खो खो हसल्या. मी नाही हसलो. मी म्हटलं, मॅडम, तुमचे मास्तर निदान रांगेत उभे राहिले. माझे तेवढंही करणार नाहीत. त्यांनी विचारलं, "ते पुस्तक अजून आहे का? शेळ्यांचं?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो आणि शाळेचं जुनं कपाट उघडून घेतलं. शोधावं लागलं नाही. वरून दुसऱ्या खणात सगळी पुस्तकं ताठ उभी होती आणि एकाचं तोंड उघडं होतं. मुख्याध्यापकाने झटकून हातात दिलं. "निर्लेखनात काढलंय, यादीतनं खोडलंय, घेऊन जा. तिकडं शेळ्या पाळतोस का काय?" खरं सांगतो, तो वाकलेला पुठ्ठा हातात आला तेव्हा मला जो आनंद झाला तो मुलगी झाली तेव्हा झाला होता तेवढाच होता. मग मनात आलं, गुरुजींनी हे रोज पाहिलं असणार. नवीन पुठ्ठा घालायला त्यांना एक दुपार पुरली असती. का घातला नाही? पण तो विचार मी तिथेच सोडला. तुमच्या बाजूचा विचार करायला मी तिथे गेलो नव्हतो.

दुबईत परत आल्यावर एका सकाळी पुस्तक कपाळाला लावून क्षमा मागितली, पुस्तकाची, आणि पुढचा पुठ्ठा ओल्या टिपकागदांत ठेवला. गव्हाची खळ पाण्याला लाजत नाही, तास-दोन तासांत सोडते. सगळ्यात वरचा थर सुटला तो माझा नव्हता. निळ्याकाळ्या शाईतलं अक्षर तुमचं होतं, उभट, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. एकच कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, कोपऱ्यात एक्केचाळीस आणि बेचाळीस असे आकडे. ते परीक्षण नव्हतं, पाठाचं टाचणही नव्हतं. ती कादंबरी होती, गुरुजी. तुम्ही कादंबरी लिहीत होतात, आणि त्या सोमवारी माझ्या पानांवर तुम्ही तुमचं पान चिकटवलंत, माझ्याकडे पाठ करून.

मला तुमची दया आली असं तुम्हाला वाटेल. नाही आली. मला वाटलं, सापडलात. जन्मभर दुसऱ्यांची कापलीत, आता तुमचं पान माझ्या टेबलावर ओलं पडलं आहे आणि परीक्षण करणारा मी आहे. स्मरणिकेत ते पान जसंच्या तसं छापायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या, तुमच्याच शैलीत, सगळ्या गावाने हसावं अशा. संध्याकाळी घरी मुलीला सांगितलं. ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ही इज डेड. हू आर यू फायटिंग?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. "ओके. बट यू आर स्माइलिंग, अँड इट्स लाइक, स्केरी."

दुसऱ्या दिवशी मॅडमना खाली बोलावलं. आधी माझी आठ पानं इंग्रजीत सांगितली, अडखळत. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, एकच वाक्य लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. रॉकेलचं वाक्य. "बाकीचं सगळं टाकाऊ आहे," त्या म्हणाल्या. "नवरा टाकाऊ, बायको टाकाऊ. हे एक खरं आहे. आणि तुझा मास्तर बरोबर याच्यावरच हसला. एवढा अचूक नेम चुकून लागत नाही. त्याला ते ऐकू आलं होतं." हे ऐकून माझा राग दुप्पट झाला. न कळून हसला असतात तर तुम्ही नुसते अडाणी ठरला असतात.

मग तुमचं पान सांगितलं. मुद्दाम सपाट आवाजात, जीव न घालता. भर दुपारी एका अनोळखी गावच्या फाट्यावर एक बाई एसटीतून उतरते. बरोबर ट्रंक. हातात लहान मुलाची एकच चप्पल. गाडी निघून जाते. बाई ट्रंकेवर बसते, कमरेची चिठ्ठी काढते, त्यावरचा पत्ता वाचते, आणि ती चिठ्ठी तोंडात टाकून चावून गिळते. झाडाखालचा म्हातारा विचारतो, कुणाकडं जायचं बाई? ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते... तिथे बेचाळिसावं पान संपतं. मी थांबलो. मला वाटलं, आता मॅडम तुम्हाला सोलून काढतील. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"हं. पुढे?"

"पुढे नाही, मॅडम. एवढंच आहे."

"एवढंच कसं? काय म्हणते ती?"

"माहीत नाही."

"मुलाचं काय झालं?"

"माहीत नाही, मॅडम!" माझा आवाज चढला. त्या लायब्ररीत मी कधी आवाज चढवलेला नाही. माझ्या आठ पानांना एक कार्ड, आणि तुमच्या दोनांना "पुढे?" त्यांनी पेन्सिल टेबलावर टाकली आणि वैतागून म्हणाल्या, "मग मला सांगितलंस कशाला?" जाताना दारात थांबल्या. "छाप नाहीतर जाळ, तुझा अधिकार आहे. पण खाली चेष्टा लिहिणार असशील तर आधी कार्ड भर."

गुरुजी, मी कार्ड घेऊन बसलो. तीन सकाळी बसलो. त्या बाईने चिठ्ठी गिळली ते वाक्य साधं आहे, सात शब्दांचं, आणि ते मी कार्डावर उतरवलं नाही, कारण उतरवलं की ते चांगलं आहे हे कबूल होतं. शेवटी ठरवलं, तुमचं पान छापायचंच नाही. गावाला कधीच कळणार नाही की तुम्ही कादंबरी लिहिलीत. मी माझी आठ पानं पुठ्ठ्यात घातली तशी तुम्ही तुमची घातलीत, आणि ती परत तिथेच जातील. याहून मोठा सूड मला सुचला नाही. गुरुवारी लेख पाठवून दिला. त्यात सोमवार आहे, रॉकेल आहे, रद्दीवर ठेवलेली पानं आहेत. एक शब्दही सौम्य केलेला नाही. तासाभरात मुख्याध्यापकाचा फोन. "आरं, हे काय लिवलंयस? सभागृहाच्या उद्घाटनाला ह्यो लेख?" मी म्हटलं, खोटं आहे का? तू होतास तिथे. तो म्हणाला, "मी बी हसलो होतो लेका." मी म्हटलं, ते माहीत आहे, छाप. छापतो म्हणाला.

काल शुक्रवार होता. सकाळी दिवा लावला, नमस्कार झाले. तुमच्या पाळीला श्वास रिकामाच सोडला, पण तो नेहमीपेक्षा जरा लांबला. मग मी मुख्याध्यापकाला फोन केला आणि विचारलं, त्या वर्षी बांधलेली वाचनालयाची आणखी पुस्तकं कपाटात आहेत का, निर्लेखनात काढली असली तरी चालतील, सगळी बाजूला ठेव. "कशाला रं आता?" तो म्हणाला. मी म्हटलं, गुरुजींच्या हातची बांधणी आहे, इकडे जपून ठेवावी म्हणतो. तो म्हणाला, "एवढा राग, आन वर एवढी माया. तुझं काय कळत न्हाय बाबा." माया नाही, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून शेळीपालनाच्या पुस्तकातच ठेवतो आहे. माफी मागितलेली नाही आणि दिलेलीही नाही, दोन्ही तसंच राहू द्या. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. त्या फोनच्या आधी मी त्या पुस्तकाचा मागचा पुठ्ठाही भिजवला. आत जुन्या प्रश्नपत्रिका निघाल्या, त्रेचाळिसावं पान नाही. मागचा पुठ्ठा वाकलेला नव्हता. चांगला ताठ होता, तुमच्या हातचा, आणखी पन्नास वर्षं टिकला असता. तो भिजवायचं मला काही कारण नव्हतं.